मुक्तिदिनाची माझी कविता

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. पावसानं दगा दिलेला, उदगीरच्या आमच्या मुलींच्या शाळेतला हौद कोरडाठक. पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवलं, तेवढाच काय तो बदल. इतिहासाचे सर होते तिथंच होते. निजामाच्या रझाकारांचा धडा आला की सर रंगात यायचे आणि सगळा नववीचा वर्ग वळून माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडं बघायचा. जशी काय गावं तिनंच जाळली! वर्गात मुसलमान ती एकटी. आधी ती इतिहासाच्या तासाला दांडी मारायला लागली, मग शाळाच सोडते म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

रझाकारांनी छळलं हे खरंच होतं. पण अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर, भारताची फौज येऊन निजाम शरण गेल्यावर, तिच्या आजोबांना जमावानं ओढून नेलं, ते परत आलेच नाहीत, हेही खरं होतं. ते पुस्तकात कुठं होतं? तेव्हा तिच्या दादीला लेकरासकट आमच्या अज्जांनी, माझ्या आजोबांनी, पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, लपवलं होतं. ही गोष्ट आमच्या घरी सणावाराला पुरणपोळीबरोबर वाढली जायची.

सतरा सप्टेंबरचं, मुक्तिदिनाचं भाषण सरांनी लिहून द्यायचं आणि आपण घोकून म्हणायचं, ही रीत. मी सरांचा कागद कंपासपेटीत कोंबला आणि माझी कविता म्हटली.

"सर, धड्याला पान एकच का?
दुसरं पान कुणी फाडलं?
पेवामधल्या अंधाराला
कुठल्या इयत्तेत धाडलं?"

शेवटच्या कडव्यात अर्थातच आमचे अज्जा. पोरींनी टाळ्या पिटल्या. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. मैत्रिणीला मी हाताला धरून आणलं होतं, तिला जाऊन विचारलं, "कशी झाली गं?"

"चांगली हाय की. पण अर्धीच हाय."

"म्हंजे?"

"तुझ्या अज्जानं वाचवलं, दादी आजबी दुवा देती. पण मोंढ्याच्या बाजारातलं तुमचं धान्याचं आडत दुकान हाय ना, ते आमचं होतं. दादी पेवातनं वर आली तवा त्याच्यावर तुमची पाटी लागली होती."

मी तडक घरी जाऊन अप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं?" एवढंच म्हणाले. खोटं आहे असं म्हणाले नाहीत.

मोठ्या बाईंना कविता लई आवडली होती. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर्गात आल्या, पुन्हा म्हण म्हणाल्या. मैत्रीण आली होती, बाकावर शेजारीच बसली होती. दुकानाचं नवं कडवं मी लिहून नेलं होतं, तिला दाखवलंही होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि माझा हात दाबला.

मी उभी राहिले. अज्जांपर्यंत आले. पुढं जीभच रेटेना. अप्पांचा तो घास दिसायला लागला. मी तिथंच थांबले, नमस्कार केला आणि खाली बसले. टाळ्या कालच्यापेक्षा जास्त पडल्या.

तिनं दप्तर आवरलं आणि कुणाला काही न सांगता निघून गेली. शाळा तिनं सोडली ती त्या दिवशी. सरांमुळं नाही, माझ्यामुळं.