दर्यापूरच्या नवरदेवांची सुरी

माझ्या छंदाचं वर्णन बायको पाहुण्यांसमोर एका वाक्यात उरकते: "ह्यांना गंजलेल्या सुऱ्या आवडतात." खरं तर मी तलवारी कापून केलेल्या सुऱ्या जमवतो. पहिल्या महायुद्धात खंदकात लांब तलवार फिरवायला जागा नसे, म्हणून काही शिपाई ती आखूड करून घेत. दर्यापूरजवळच्या एका गावातून तशी सुरी विकायची असल्याचा निरोप फोटोसकट आला आणि मी नाशिकहून निघालो.

बडनेऱ्याला उतरून अमरावतीत शिरलात तर आधी दही-चटणीतला गिला वडा खा. पथ्याचे संकल्प त्यानंतर. दर्यापूरला एसटी आहे, पण मला जीप मिळाली. म्हणजे जीपचा अर्धा पाय ठेवण्याइतका भाग मिळाला.

"काका, कोनाकडे?" चालकाने विचारलं.

"एक सुरी पाहायला आलोय."

"नाशकाहून? आमी त पोरगी पाहाले बी येवढ्या दूर नाई जात."

संस्कृत 'क्षुरिका'पासून 'सुरी' कशी आली हे मी त्याला सांगायला घेतलं. त्याने गाणं मोठं केलं.

सुरीचे मालक अंबादासभाऊ, कपाशी-सोयाबीनचे शेतकरी. त्यांच्या फौजी आजोबांनी ती आणलेली. घरी पोचलो तर सुरी नव्हती. "थे लग्नात गेली," ते म्हणाले. गावातला प्रत्येक नवरदेव हीच सुरी हातात धरून बोहल्यावर चढतो. आम्हीही मांडवात गेलो.

नवरदेवाच्या हातात ती होती, टोकाला लिंबू खोचलेलं. अक्षता पडल्यावर त्याने ती रुमालाने पुसून अंबादासभाऊंना परत दिली आणि त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पात्याच्या मधली खाच निमुळती न होता टोकाशी एकदम तुटलेली. तलवार कापल्याची ही खात्रीची खूण. राखेने घासघासून कारखान्याचे शिक्के मात्र गुळगुळीत झालेले, आणि टोकावर लिंबाचे काळे डाग. संग्राहकाच्या काळजात कळ यावी असे. पण प्रत्येक डाग म्हणजे गावातला एक संसार. तक्रार कुणाकडे करणार?

"न्या आता," अंबादासभाऊ म्हणाले. "लोकाईच्या लग्नात मिरवते. आमचा गजू पस्तिशीले आला. शेतकऱ्याले कोनी पोरगी देऊन नाई राहिलं. कायले ठेवाची?"

गजू शेजारीच पंगतीत वरण वाढत होता. त्याची आई, शांताबाई, उठून आली.

"मले इचारलं काय? उद्या गजूचं जमलं त त्याच्या हाती काय देऊ, कांदे कापाचा चाकू?"

"माय, मी इळा धरीन," गजू म्हणाला. "आधी पोरगी त येऊ दे."

पंगत हसली. शांताबाई हसल्या नाहीत. माझ्या हातातल्या सुरीकडे बघत उभ्या राहिल्या.

मला ती हवी होती, फार हवी होती. तरी मी सुरीची मूठ शांताबाईंकडे केली. "मी जुन्या वस्तू घेतो, ताई. ही अजून नोकरीत आहे."

"पाहा बरं. मंग म्हनान का देल्ली नाई," अंबादासभाऊ पुटपुटले. शांताबाईंनी सुरी पदरात गुंडाळली आणि माझ्या पानात न विचारता बुंदी वाढली. वांग्याची भाजी तिखट होती. वऱ्हाडात गेलात तर बुंदीला नाही म्हणू नका.

परत अकोल्यावरून आलो. असं पातं न्यायचं असेल तर परवान्याचे आणि रेल्वेचे नियम आधी विचारून ठेवा. मी विचारले होते, गरज पडली नाही.

घरी बायकोने पिशवी उलटी करून पाहिली. "सुरी कुठाय?"

मी सगळं सांगितलं. आयुष्यात माझ्या कपाटाला हात न लावलेली ही बाई आता गजूसाठी तीन मावश्यांना रोज फोन करते आहे.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. मुलगा पस्तिशीचा, जमीन काळी, बोलणं सरळ, चालत्या पंगतीत वरण न सांडता वाढतो. वडिलांनी आशा सोडली आहे. बोलणी आईशी करावीत.