मागाशेजारची झोळी

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्यावर पिक्चर काढायला आलेल्यांना तरी ते कुठं माहीत होतं?

बायको गेल्यावर या माणसानं भवानी पेठेतल्या आमच्या शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, मागाशेजारीच झोळी बांधून तान्ही पोर वाढवली. हात मागावर आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, असा तो दिवसभर उभा असायचा. ती गोष्ट कुणीतरी मुंबईच्या एका बेलबॉटमवाल्या डायरेक्टरला सांगितली.

शूटिंग त्याच कारखान्यात लागलं. हिरोच्या बनियनला आधी इस्त्री केली, मग ब्लेडनं भोकं पाडली. झोळीत एका विणकराचं तान्हं मूल उसनं आणून निजवलं. हिरोला अंगाई म्हणायची होती, म्हणून डायरेक्टर ओरडला, "ती खडखड बंद करा!"

माग थांबले आणि मूल किंचाळत उठलं. हिरो गातोय, मूल रडतंय. तीनदा हाच तमाशा.

कोपऱ्यातून हा माणूस हळूच म्हणाला, "अवो सायब, मागावरचं पोर हाय ते. माग थांबला की उठतंय की."

कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यानंच पुढं होऊन माग चालू केला. मूल घटकाभरात झोपलं.

डायरेक्टर खेकसला, "कोण आहे हा? बाहेर काढा त्याला!"

तो टोपी सारखी करून बाहेर गेला. तो कोण आहे, हे आम्हा पेठेतल्या एकाही शहाण्यानं सांगितलं नाही. आम्हाला हिरोबरोबर फोटो काढून घ्यायचा होता.