अण्णांची भरलेली गाडी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी चौकात पडलेलं लिंबू चपलेने बाजूला सारून ऑफिस गाठणारी बाई आहे मी. या ग्रुपवरचे अनुभव डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतेही. आता तुम्ही हसा. हसून झालं की कुणाला काही सुचलं तर तेवढं सांगा, कारण मी विचार करकरून दमले आहे. तशी दमलेली आधीचीच आहे, ते जाऊ दे.

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागे एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. लग्न केलं नाही. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत स्टेशन मास्तर होते, बरीच वर्षं दुधनीला. दीड वर्षापूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मोजके शब्द तेवढे उरले. पाणी, नको, माझं नाव — सुमा. आणि आणखी दोन, रिकामी आणि भरलेली.

हे दोन शब्द का उरले असतील ते मला माहीत होतं. दुधनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही जेवायला बसलेलो असताना लांबून मालगाडीचा आवाज आला, की अण्णा तोंडात घास तसाच ठेवून सांगायचे, ‘रिकामी’ किंवा ‘भरलेली’. दादा आणि मी ताट सोडून बाहेर पळायचो. अण्णांचं कधी चुकायचं नाही. ‘रिकामे डबे नुसती बडबड करतात,’ ते म्हणायचे, ‘भरलेली गाडी आधी पायाला कळते, मग कानाला.’

दिवसा त्यांना सांभाळायला सावित्रीबाई असतात. अण्णा ‘रिकामी’ म्हणाले, की त्या पलंगाखाली वाकून लघवीची पिशवी बघतात. ‘अय्यो अण्णा, रिकामीच हाय की वो! आत्ताच तर बदलली!’ अण्णा डोळे मिटून घेतात. मलाही वाटायचं, जुनी सवय जिभेवर राहिली असेल, त्यात अर्थ कसला?

आता त्या गेमबद्दल सांगायला हवं. मोबाईलवरचा लढाईचा गेम आहे. नकाशावर प्रत्येकाची गावं, प्रत्येकाचं सैन्य. दादानेच मला त्याचा नाद लावला आणि बेंगळुरूला गेल्यावर स्वतः मात्र सोडून दिला. मी आपली खेळतेय अजून. दिवसभर फायली, संध्याकाळी भरवणं, पुसणं, कूस बदलणं... त्यात हे एवढंच माझं.

तुमच्यावर कुणी सैन्य पाठवलं तर गेम फक्त दोनच गोष्टी सांगतो, कुठल्या गावाहून निघालं आणि कधी पोचणार. कोण येतंय ते सांगत नाही. ते तुम्ही ओळखायचं. घोडेस्वार लवकर येतात, पायदळ सावकाश, तटबंदी फोडणारी यंत्रं सगळ्यात हळू. अंतर आणि वेळ ताडून पाहिलं की काय येतंय ते कळतं. पण लबाड लोक नऊ गावांवर एकेकच यंत्र धाडतात आणि दहाव्यावर यंत्रांसोबत सगळं सैन्य. दिसायला दहाही सारखे. त्यातला खरा हल्ला एक, बाकीचे नुसते हूल द्यायला. खरा कुठला, हे हिशेबाने कळत नाही. भल्याभल्यांना कळत नाही.

अण्णांना कळायचं.

पहिल्यांदा एका रविवारी दुपारी झालं. मी पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते, माझ्या सात गावांवर एकदम हल्ले सुटले होते. कुठलं गाव वाचवावं ते ठरेना. मी एकेक उघडून बघत होते, तोंडाने एक अक्षर काढलं नव्हतं. पलंगावरून आवाज आला, ‘रिकामी.’ मी पुढचं उघडलं. ‘रिकामी.’ पुढचं. ‘रिकामी.’ पाचव्याला म्हणाले, ‘भरलेली.’ अण्णांचं तोंड भिंतीकडे होतं. सहज गंमत म्हणून मी सगळं सैन्य त्या पाचव्या गावात नेऊन ठेवलं. खरा हल्ला तिथेच आला.

योगायोग, मीही तेच म्हटलं. पुढच्या वेळी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं. दारापलीकडून आवाज आलाच. मग मी ताडून बघायचं सोडून दिलं. काही महिने त्यांचं एकही चुकलं नाही. गेममधल्या आमच्या टोळीतली मुलं विचारायची, ‘ताई, तुम्ही ओळखता कसं हो?’ मी लिहायचे, ‘वडील रेल्वेत होते.’ त्यावर सगळे हसायचे.

इकडे दादाचं आपलं चालू होतं. ‘पुढच्या आठवड्यात येतो’, ‘सुट्टी टाकलीय’, ‘क्लायंट आलाय गं, आता पुढच्या महिन्यात’. झटका आल्यापासून एकदाही आला नव्हता. व्हिडिओ कॉलवर अण्णा त्याच्याकडे बघायचेच नाहीत, दाराकडे बघायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, ‘भावाला बोलवायचं तर आता बोलवून घ्या. नंतर ओळखतील की नाही, सांगता येत नाही.’ मी दादाला तसंच सांगितलं. तो फोनवर रडला. आला मात्र नाही. त्याचा राग करायचाही मला कंटाळा आला होता.

आणि मग तो रविवार. पाण्याचा दिवस होता. सकाळी भांडी भरून होईतो कंबर मोडली. चहा घेऊन बसले, मोबाईल उघडला, तर एक हल्ला दिसला. गाव ओळखीचं... दादाचं. नकाशाच्या पार खालच्या कोपऱ्यातलं. ते कधीच बेवारस झालं होतं. माणूस खेळायचा थांबला की गावावरचं त्याचं नाव जातं आणि तिथून पुढे एक शिपाईसुद्धा हलत नाही. गेमचा तो नियमच आहे.

मी गेम बंद करून पुन्हा उघडला. हल्ला होताच. अंतर घेतलं, वेळ घेतली. पहाटे तीनच्या सुमाराला निघालेला, दुपारी जेवणाच्या वेळेला पोचणार. हा वेग घोडेस्वारांचा नव्हता, पायदळाचा नव्हता, यंत्रांचाही नव्हता. कशातच बसेना.

‘भरलेली,’ अण्णा म्हणाले.

मी वळून पाहिलं. डोळे टक्क उघडे. डाव्या हाताने बनियन ओढत होते. ‘काय अण्णा? उकडतंय? पाणी देऊ?’ ‘नको.’ पुन्हा बनियन ओढायला लागले. शेवटी कपाटातून त्यांचा पांढरा शर्ट काढून घातला, तेव्हा कुठे शांत झाले. गाडी येताना मास्तर बनियनवर उभा राहत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

लोक विचारतात, स्क्रीनशॉट का नाही काढला? ज्यांनी अर्धांगाच्या माणसाला उठवून शर्ट घातलाय आणि भात भरवलाय, ते हे विचारत नाहीत.

मी बचावाला काही पाठवलं नाही. अंगात त्राण नव्हतं. येऊ दे, म्हटलं. शेवटचा घास भरवताना मोबाईल उशीपाशीच होता, हल्ला पोचायची वेळ होत आली होती. अण्णांनी डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. दुधनीच्या प्लॅटफॉर्मवर हिरवा झेंडा धरायचे, तसा.

बेल वाजली.

दारात दादा. केस पिकलेले, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी.

‘येतो म्हणून सांगितलं की होत नाही माझं,’ तो म्हणाला. ‘म्हणून न सांगताच निघालो. बायकोलासुद्धा वाटेतून फोन केला.’

‘कधी निघालास?’

‘पहाटे तीनला. का गं?’

अण्णांचा हात अजून वरच होता. दादा त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला, आणि तो हात सावकाश खाली येऊन त्याच्या डोक्यावर टेकला. ओळखलं त्यांनी. मी आत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी त्याला गेमचं विचारलं. ‘तो अजून चालू आहे?’ म्हणाला. पासवर्ड सोड, त्याला गावाचं नावही आठवेना. मी मोबाईल बघितला. हल्ला नाहीसा झाला होता. एरवी प्रत्येक हल्ल्याची नोंद मागे राहते, याची नव्हती. टोळीतली मुलं म्हणतात, बग असेल. असेल. पण बग बेंगळुरूहून पहाटे तीनला निघतो, हे अण्णांना कुणी सांगितलं?

अण्णांकडे उत्तर असेल, तर ते सांगू शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा निघाला. वाकून पाया पडला, म्हणाला, ‘अण्णा, पुढच्या महिन्यात येतो. दिवाळीला तर नक्कीच!’

अण्णांनी डोळे मिटले. ‘रिकामी.’

‘काय म्हणतायत गं?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘पिशवी बघायला सांगतायत.’

आणि मी खरंच वाकून पिशवी बघितली.

तो पुढचा महिना येऊन गेला, दादा नाही आला. दिवाळीला अजून वेळ आहे. अण्णांचं आजवर कधी चुकलेलं नाही, एकदा तरी चुकू दे... पांढरा शर्ट मी इस्त्री करून वरच ठेवलाय.