मनमास्तरांचा नकार

मामांना मराठीत 'नाही' म्हणता येत नसे. इंग्रजीत म्हणता येईल, असा त्यांचा समज होता. शेजारणीने लाकडे मागितली तर स्वतःची चूल विझवून देणारा हा माणूस. कोणी फारच गळ्यात पडले तर म्हणत, "बघू, मन झालं पाहिजे." मन झाले नाही तरी वस्तू जायचीच.

मी आईविना वाढले ती अमरावतीला, मामामामींकडे. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली होती म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांची रांग कापूसबाजाराबाहेर दूरवर जाई आणि बैलांच्या शिंगांवर नव्या पितळी शेंब्या चमकत. मामा मूळचे बाळापूरचे, भिक्षुकाच्या घरातले. पाद्र्यांच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाचे दुभाषी झाले. शेतकरी त्यांना मनमास्तर म्हणत.

त्याला कारण 'माइंड' हा शब्द. माइंड म्हणजे मन, हे मामांनी शाळेत पाठ केले होते आणि ते पाठांतर पक्के होते. साहेबाच्या दर तिसऱ्या वाक्यात हा शब्द येई आणि मामा तिथे मन ठेवून देत. एकदा बाजारात साहेब ओरडला, "माइंड द बुल!" मामा बैलाच्या मनाचा विचार करीत उभे राहिले. तो विचार बैलाने शिंगाने पुरा केला. मामी बरगड्यांना हळद लावताना म्हणाली, "आता तरी कळलं का त्याचं मन?"

दुसऱ्या एका खेपेला दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याने आपणहून सांगितले की गाडीच्या तळाचा कापूस दमट आहे. साहेब हसून म्हणाला, "नेव्हर माइंड." मामांनी सांगितले, "साहेब म्हणतात, मन कधीच होणार नाही." शेतकऱ्याने मुकाट्याने बैल वळवले. वेशीपर्यंत गेला आणि परत आला. "मास्तर, तो तं हासून राहिला होता. हासून नाई म्हन्ते का कोनी?" तेव्हा मामांनी साहेबाला पुन्हा विचारले आणि कापूस घेतला गेला.

त्या दिवसापासून मामांनी एक वही सुरू केली. तिच्यात फक्त हाच शब्द. 'नेव्हर माइंड' म्हणजे असू द्या. 'माइंड द बुल' म्हणजे बैल सांभाळा. 'मेक अप युवर माइंड' म्हणजे काय ते एकदा ठरवा. मी अक्षरे गिरवली ती याच वहीवर. मुलीने शिकू नये असे म्हणायलाही त्यांना जमले नाही, म्हणून मी शिकले. ते म्हणत, "खोली एक, पण बिऱ्हाडं किती ते बघ. दार वाजवलं की कोण बाहेर येईल सांगता येत नाही."

मग ती लढाई संपली आणि भाव कोसळला. साहेब भाव इंग्रजीत सांगे, पण शेतकऱ्यांच्या कानावर तो मामांच्या तोंडून पडे. "काल तं तुमीच येगळं सांगतलं, मास्तर! रात्री जीभ बदलली का तुमची?" हे रोजचे झाले. मामा अर्ध्या ताटावरून उठत. "शब्द त्याचे, तोंड माझं," एवढेच म्हणत. नेमकी तेव्हाच बाळापूरला शाळा निघत होती आणि इंग्रजी शिकवणारा मास्तर हवा होता. अट एकच: इंग्रजी उत्तम येते, अशी साहेबाची चिठ्ठी. मामीने ऐकल्याबरोबर अर्धी भांडी पोत्यात भरली.

साहेब कचेरी अकोल्याला हलवणार होता आणि मामांना सोडणार नाही हे ठाऊक होते. म्हणून मामा दोन दिवस अंगणातल्या लिंबापुढे उभे राहून "नो, सर" म्हणण्याचा सराव करीत होते. मामी म्हणाली, "आधी म्हशीला म्हणून बघा. ती तरी ऐकते का?"

तिसऱ्या दिवशी मामा गेले आणि उड्या मारीत परत आले. "झालं! साहेबांनी विचारलं, 'वुड यू माइंड स्टेइंग?' मी छाती काढून म्हणालो, नो, सर!" मामी देवापुढे साखर ठेवायला गेली. इतक्यात साहेबाचा खानसामा शाल घेऊन दारात आला. हा कामठीच्या गोऱ्या पलटणीच्या छावणीतला. इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नव्हते, पण ऐकलेले सगळे समजे.

"साहेबानं खूश होऊन धाडली. आता आपुन संगच अकोल्याले जाऊ, मास्तर."

"मी कशाला अकोल्याला? मी नाही म्हणून आलो."

"अजी, तुमी तं हो म्हनून आले! त्यानं इचारलं, रायले हरकत आहे का? तुमी म्हनले, नाई."

मामांनी वही उघडली. सगळी पाने चाळली. हे बिऱ्हाड तिच्यात नव्हते.

मामी म्हणाली, "मग आत्ताच जा आणि सांगा, प्रश्न कळला नव्हता." मामा बराच वेळ शालीची घडी घालत होते. मग म्हणाले, "प्रश्न कळला नाही असं सांगितलं तर इंग्रजी येतं अशी चिठ्ठी तो कशी देईल? आणि चिठ्ठीशिवाय शाळा कशी मिळेल?" मामीने देवापुढची साखर उचलली. शाळेवर दुसरा मास्तर आला. आम्ही अकोल्याला गेलो, आगगाडी तिकडे आली होती म्हणून साहेबाने कचेरी तिथे हलवली होती. मामा रोज बाजारात उभे राहून पडता भाव सांगत राहिले. वहीत पुढे एकही शब्द लिहिला नाही.

माझे लग्न होऊन मी दर्यापूरला गेले. तिसऱ्या वर्षी निरोप आला, मामा तापाने गेले. मामीला आणायला आम्ही गाडी जुंपून अकोल्याला पोचलो. सामान बाहेर काढत होतो तेव्हा साहेब आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि सावकाश काही बोलला. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे ओले होते. मला त्यातले 'नेव्हर माइंडेड' एवढे कळले.

खानसाम्याने सांगितले, "साहेब म्हन्ते, मास्तरची कोन्त्याच गोष्टीले कधी हरकत नव्हती."

मामीने तोंडाला पदर लावला. मी म्हणाले, "होती म्हणावं. पहिल्या दिवसापासून होती."

खानसाम्याने माझ्याकडे पाहिले, मग साहेबाकडे वळून इंग्रजीत काहीतरी लहानसे बोलला. साहेबाने मान लववली, टोपी घातली आणि गेला.

"काय सांगितलंत?" मी विचारले.

"तुमी लय आभार मानले म्हनून सांगतलं, बाई," भांड्यांचे पोते गाडीत चढवत तो म्हणाला. "मले अजून इथंच रायचं आहे."