पंचनाम्यातला साप

पोलिसातून निवृत्त झाल्यावर बरीच प्रकरणं विसरलो. पार्से गावातलं ते एक मात्र डोक्यातून जात नाही.

आरोग्य केंद्रातून फोन आला, सर्पदंशाने एक बाई दगावली. काजूच्या हंगामात नवरा-बायको बागायतीतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, जमिनीवर झोपत. नवऱ्याने मारलेला साप पिशवीत घालून आणला होता. "ह्यो साप हांतरुणातच होतो," तो म्हणाला. अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला आणि साप वन खात्याच्या माणसाला दाखवला.

तो हसलाच. "साहेब, हा खापरखवल्या. शेपूट बघा, कापल्यासारखं बोथट. याचं कूळ जगात फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतं. मातीखाली गांडुळं खाऊन राहतो. विष नाही. पाऊस नसताना हा वर येऊन अंथरुणात कशाला शिरेल?"

तेवढ्यात बाईचा भाऊ शेजारच्या चोपडे गावाहून आला. "साहेब, दोघांचा कायम भांडाण. हेणांच कायतरी खावक घातल्यान," म्हणाला. माझ्या डोक्यात विषप्रयोग पक्का बसला. नवऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात बसवला.

तेच प्रश्न मी उलटसुलट विचारले. तो अंथरूणच सांगे आणि नजर चुकवी. खोटं बोलणारा मला लगेच कळतो, असा माझा तोरा होता. दुपारी शवविच्छेदन झालं, मृतदेह भावाच्या ताब्यात दिला. नवऱ्याने हात जोडले. "साहेब, तिका पोचवन येतंय, मगे खय तां न्हेवा." मी नाही म्हटलं.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. कानामागे केसांत दोन बारीक टोचे सापडले होते. आरोग्य केंद्राच्या नोंदीतल्या मिटत गेलेल्या पापण्या, अडकलेला श्वास, सगळं मण्यारीचं. ती झोपलेल्या माणसाला चावून निघून जाते, कुणाला दिसतही नाही.

मग हा साप आला कुठून? चहा मागवला आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता विचारलं.

"खोटां बोल्लंय, साहेब. पयलो तिका घाड्याकडे मंत्र घालूक न्हेलंय. तो म्हणालो, चावलेलो साप मारून माझ्याकडे हाड, तेच्याशिवाय वीख उतराचा नाय. तासभर मांगराकडे खणत रवलंय. ह्योच गावलो. तवसर तिचो आवाज गेललो." मग त्याने विचारलं, "तिका अग्नी कोणी दिल्यान?"

"भावाने," मी म्हटलं.

तो खोटं बोलतोय हे मी बरोबर ओळखलं होतं. का बोलतोय, हे विचारायला दिवस घालवला. पुढे हाताखालच्यांना मी सांगत असे, माणूस गुन्हा लपवतो तशीच लाजही लपवतो. दोन्हीत नजर सारखीच खाली जाते. कागदोपत्री त्या दिवशी माझं काहीच चुकलं नाही. पण त्याला बायकोचं तोंड शेवटचं बघू दिलं नाही, ते मीच.