पाचवं शील

थायलंडचं ठरवायला आम्ही चौघे रविवारी सकाळी लोणावळ्यात स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसायचो. चौघेही पन्नाशीला टेकलेले. एकाला गुडघा, एकाला शुगर. आमच्यातला मास्तर तळेगावच्या शाळेत शिकवतो. तो कागद काढून दिवस मांडायचा: बँकॉक दोन, क्राबी तीन. बोटीने बेटावर जायचं, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरायचं, असं तो बोलायला लागला की माझा चहा तसाच गार व्हायचा. "ह्याला घरून परवानगी नाही मिळालेली," असं म्हणत बाकीचे मला हसायचे. मीही हसायचो.

कॉलेजात आम्ही पाच होतो. पाचवा आंदर मावळातला, बौद्ध घरातला. नीट पोहता येणारा आमच्यात तो एकटाच. कॉलेज संपलं त्याच वर्षी पवना धरणावर सहलीला गेलो आणि तो बुडाला. बाकीचे तिघे तेव्हा जेवण आणायला पवनानगरला गेले होते. काठावर आम्ही दोघेच. प्यायला होता, ऐकलं नाही, पाण्यात शिरला, असं मी सांगितलं. आम्ही गेल्यावर घेतली असेल, असं तिघांनीही धरलं. कागदोपत्रीही तेच लागलं.

महिन्यापूर्वी कामशेतच्या बाजारात मास्तरला त्याची आई भेटली. थायलंडला चाललोय, हे मास्तर बोलून गेला. बुद्धाचा देश ना तो, तिने विचारलं, आणि निरोप दिला: शेवटी जो त्याच्याबरोबर होता, त्याला माझ्याकडे पाठव.

इतक्या वर्षांत त्या घराची पायरी मी चढलो नव्हतो. बाकीचे दरवर्षी जायचे. मला दर वेळी काहीतरी काम निघायचं.

फाट्यावर एसटीतून उतरून तासभर चाललो. त्याची आई, आम्हा सगळ्यांची मावशी, ओटीवर बसली होती. मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला त्याचा फोटो. मला जवळ बसवून ती म्हणाली, "तितल्या विहारात ह्यो ठेव बाबा. म्हनावं, पोरगं दारू प्यालं, शील मोडलं, तेला पदरात घ्या. वंदना म्हनताना पाचवं शील आलं का माजं त्वांड मिटतं. पोरानं मोडलेलं मी कशी म्हनू?"

पाचवं शील म्हणजे दारूपासून दूर राहण्याचं. चार मोठ्याने आणि पाचव्याला गप्प, इतकी वर्षं. बुडालेल्या माणसाविषयी कुणीही बोलून जाईल असं वाक्य मी उचललं होतं. ते ह्या घरात कुठे जाऊन लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मावशी, तो प्यायला नव्हता," मी म्हटलं. "मी प्यायलो होतो."

मग सगळं सांगितलं. मीच आत शिरलो, पायाखालची जमीन सुटली, ओरडलो. तो कपड्यांनिशी आला. मी त्याला धरलं, त्याच्या खांद्यावर चढलो, पाय देऊन काठाकडे झेपावलो. त्याचे केस माझ्या तळव्याला लागले होते. अजून लागतात. बादलीत पाय धुतानासुद्धा.

तिने रडारड केली नाही. फडकं सोडलं, फोटो पदराने पुसला आणि आत जाऊन बुद्धाच्या मूर्तीशेजारी, होता तिथे ठेवला. दारात येऊन म्हणाली, "फोटू हितंच ऱ्हाईल. तेला माफी मागाया कुटं जायाची गरज न्हाई."

मी उठलो. चपला घालताना तिने विचारलं, बाकीच्यांना ठाऊक आहे का. नाही म्हटलं.

"मग त्यास्नी बी सांग. आन् परत हितं येऊ नगंस."

पुढच्या रविवारी सांगितलं. त्याच टेबलावर, चहा यायच्या आधी. मास्तर कागदाची घडी घालत राहिला, आणखी घडी पडेना तेव्हा थांबला.

"आणि आम्ही दरवर्षी जाऊन तिची समजूत घालत होतो," तो म्हणाला. "वयच तसं असतं मावशी, पोरं चुकतात, म्हणून."

तिकिटं तिघांचीच निघाली. माझं काढू नका, असं मी म्हटलं नव्हतं.