वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाही

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी व्हिडिओ गेममधल्या माणसांची वेळापत्रकं बनवते. खेळणाऱ्याला दिवसाचे तुकडे मिळतात: सकाळ, दुपार, संध्याकाळ. एका तुकड्यात एकच काम. शेतावर जा, नाहीतर जाळं विणा, नाहीतर कुणाला भेटा. भेटायचं तर आदल्या दिवशी वेळ ठरवायची, तसेच गेलात तर दार बंद. वेळेची मारामार नसेल तर खेळाला मजा नाही, हे मीच मीटिंगमध्ये घसा फोडून सांगते.

गेममधलं गाव मी आमच्या राई गावासारखं केलं होतं. राईचं आमचं घर पाडून तिथे इमारत उठतेय, म्हणून बाबा सध्या हाटकेशला माझ्या फ्लॅटवर आहेत. त्यांना इथे करमेना. राईत ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा टेकायचा. इथे कुणी यायचं म्हटलं तर वॉचमन आधी फोन करतो. बाबा दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे, माझ्या खोलीत डोकावायचे. मी हेडफोन काढला की "काय न्हाय" म्हणून मागे फिरायचे. बाबा गप्प होत चाललेत, हे मला दिसत होतं. इकडे काम डोक्यावर, तिकडे त्यांची काळजी, जीव नुसता खालीवर. शेवटी टॅबवर गेम लावून त्यांच्या हातात दिला. चाचणीही होईल आणि त्यांचं मनही रमेल.

संध्याकाळी बघते तर काय, टॅबवर बाबांचं शेत वाळलेलं आणि बाबा एका म्हातारीच्या बंद दारासमोर ओट्यावर बसलेले. गेममधले दिवसच्या दिवस फुकट. मी म्हटलं, अहो, वेळ घेतल्याशिवाय ती दार उघडणार नाही.

"येल ना परत," बाबा म्हणाले. "घर तिचंच हाय."

खरंच की. राईत विचारून कोण जातं? जायचं, बसायचं, कुणीतरी पाणी देतं, घरचा माणूस येईल तेव्हा येतो. कधी येऊ म्हणून विचारायचं ते साहेबाला. आणि मी राईकर असून ते बसणं माझ्या खेळात शून्य धरलं होतं! लगेच आमच्या प्रमुखांना फोन लावला. म्हटलं, नुसतं बसल्यानेही ओळख वाढू दे. ते म्हणाले, खेळणारा कंटाळेल, आणि आता उशीर झालाय. मी भांडले, हरले, आणि तणतणत बाहेर येऊन सगळा राग बाबांवर काढला. जग आता असंच चालतं, आधी विचारायचं, मग जायचं, एवढं साधं कसं कळत नाही तुम्हाला?

बाबांनी ऐकून घेतलं. हुशार माणूस. थोड्याच दिवसांत त्यांचं शेत हिरवंगार, गावभर दोस्ती, एकही वेळ चुकली नाही. चला, सुटले बाई, मला वाटलं.

मग एका दुपारी दारावर टकटक झाली. आपल्याच लेकीच्या खोलीचं दार वाजवून बाबा बाहेर उभे होते.

"उद्या सांजचे जरा मोकली हाईस का?"

आणि माझा मेला हात, कॅलेंडर उघडायला गेला.